थकलेल्या चुनखडीतली तेलविहीर: साइडट्रॅक कसा आखावा, खोदावा आणि उत्पादनाला लावावा

फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जॅक-अप रिगला (समुद्रतळावर पाय टेकवून उभ्या राहणाऱ्या खोदकामाच्या तराफ्याला) मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल लागले. मे १९७६ मध्ये या तेलक्षेत्राचे, म्हणजे मुंबई हायचे, उत्पादन सुरू झाले. तेव्हाच्या विहिरी आणि आज त्याच प्लॅटफॉर्मवरून खोदल्या जाणाऱ्या विहिरी यांची खोली जवळजवळ तीच आहे. मुख्य तेलथर, म्हणजे एल-थ्री चुनखडी, सुमारे १३०० ते १४०० मीटरवर भेटतो. खोल समुद्रातल्या किंवा चार-पाच हजार मीटरच्या विहिरींपुढे हा आकडा किरकोळ वाटतो, आणि नव्याने आलेले इंजिनिअर तिथेच फसतात.

पन्नास वर्षांत या चुनखडीतून भरपूर तेल आणि वायू निघाला. १९८४ पासून तिच्यात पाणी सोडले जाते, पण चुनखडीचे पदर अनेक आहेत, मध्ये शेलचे, म्हणजे चिखलापासून बनलेल्या खडकाचे, पापुद्रे आहेत, आणि पाण्याचा दाब सगळीकडे सारखा पोचलेला नाही. त्यामुळे दहा मीटरच्या अंतरात एक पदर जवळजवळ मूळ दाबाचा, तर शेजारचा थकलेला, अशी परिस्थिती सापडते. वर जड मडशिवाय उभा न राहणारा हट्टी शेल, खाली भेगा-पोकळ्यांची उपाशी चुनखडी. तिच्यात मड, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवले जाणारे द्रव, जाते ते परत येत नाही.

नवा प्लॅटफॉर्म उभारण्याचा खर्च परवडत नाही, म्हणून बंद पडलेल्या किंवा पाणीच देणाऱ्या जुन्या विहिरीच्या केसिंगला (भोकाच्या पोलादी अस्तराला) खिडकी पाडून बाजूने नवी विहीर काढायची. यालाच साइडट्रॅक म्हणतात. हा लेख अशाच एका विहिरीचा मार्ग धरून लिहिला आहे: ९ ५/८ इंची जुने केसिंग, त्यातून ८ १/२ इंची भोक, मग ७ इंची लायनर (केसिंगच्या आतून टांगलेले पुढचे अस्तर), आणि शेवटी चुनखडीत आडवे ६ इंची ड्रेनहोल, म्हणजे तेल गोळा करणारे भोक. खालच्या हिशेबांतले दाब आणि रुपये समजावण्यापुरते धरलेले आहेत; तुमच्या विहिरीचे आकडे तुम्ही घालायचे.

पैसा दिवसांत मोजा

समजा रिगचे भाडे, जहाजे, हेलिकॉप्टर, सिमेंट-मड-लॉगिंगच्या (उपकरणे उतरवून खडक मोजण्याच्या) सेवा असे सगळे मिळून दिवसाला ८० लाख रुपये लागतात. म्हणजे तासाला सव्वातीन लाखांहून जास्त. ३० दिवसांची विहीर २४ कोटींची झाली. मडची रसायने, बिट (खोदणारे टोक), केसिंग यांची किंमत वेगळी, पण ती दिवसांच्या मानाने लहान असते. तरीही खरेदीच्या बैठकीत सगळा वेळ बिटच्या किमतीवर जातो, कारण तो आकडा कागदावर दिसतो.

माझे म्हणणे एवढेच आहे: अवघड विहीर स्वस्तात करायची तर वस्तूंवर आणि चाचण्यांवर काटकसर करू नका, वाया जाणाऱ्या दिवसांवर करा. सिमेंट घट्ट व्हायला १२ तास थांबलात तर ४० लाख गेले असे वाटते. न थांबता पुढे गेलात, शू (केसिंगचे खालचे टोक) गळका निघाला आणि स्क्वीझ जॉबला, म्हणजे दाबाने पुन्हा सिमेंट भरायला, चार दिवस लागले, तर ३ कोटी २० लाख जातात.

हरवलेला वेळही दोन प्रकारचा असतो. स्ट्रिंग (भोकात सोडलेली पाइपांची माळ) अडकली, पंप बंद पडला, हवामान बिघडले, हा वेळ रोजच्या अहवालात लिहिला जातो. दुसरा वेळ कुठेच लिहिला जात नाही. एका कनेक्शनला, म्हणजे नवा पाइप जोडायला, आठ मिनिटांऐवजी अठरा मिनिटे लागली तर कुणी विचारत नाही. साठ कनेक्शनची विहीर असेल तर ते दहा तास झाले, म्हणजे ३३ लाख. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक कनेक्शनची वेळ नोंदवा आणि ड्रिलरला दाखवा. रागावण्यासाठी नाही, चांगल्या शिफ्टला स्वतःचा आकडा पाहायला आवडतो आणि ती तो आपणहून खाली आणते.

रिग येण्यापूर्वीचे महिने

खर्चाचा मोठा भाग इथेच ठरतो.

आधी शेजारच्या विहिरींचे जुने अहवाल काढा, आणि संगणकावरच्या गोषवाऱ्यावर समाधान मानू नका. रोजचा ड्रिलिंग अहवाल, मड अहवाल, शेकरवर (मडमधून खडकाचे कण गाळणाऱ्या चाळणीवर) काय आले याच्या नोंदी, केसिंग उतरवताना कुठे अडले, किती मड गेले, हे सगळे एका लांब कागदावर खोलीप्रमाणे मांडा. पाच-सहा विहिरी शेजारी मांडल्या की शेल कोणत्या खोलीला ढासळतो आणि मड कोणत्या पदरात जाते ते डोळ्यांना दिसते. तीस वर्षांपूर्वीच्या मडइंजिनिअरने पेनने लिहिलेली एक ओळ आजच्या महागड्या सॉफ्टवेअरला माहीत नसते. मी स्वतः अशा ओळींनी अनेकदा वाचलो आहे.

मग विहीर खालून वर आखा. उत्पादन कसे काढायचे आहे? गॅस लिफ्ट (वायू सोडून तेल वर उचलणे) लागणार का? किती जाडीची ट्यूबिंग (तेल वर आणणारी नळी) हवी? उद्या पाणी आले तर तो भाग बंद करता यायला हवा का? ही उत्तरे ड्रेनहोलचा व्यास ठरवतात, ड्रेनहोल लायनर ठरवते आणि लायनर खिडकीची जागा ठरवतो. ड्रिलिंगवाले वरून खाली आखत येतात आणि कम्प्लिशनवाल्यांच्या (विहीर उत्पादनाला लावणाऱ्यांच्या) हाती उरेल ते भोक देतात. त्या विहिरीत नंतर एकही औजार नीट जात नाही.

जुन्या विहिरीची तब्येत तपासा. केसिंगच्या भिंती किती झिजल्या आहेत हे कॅलिपरने पाहा, खिडकीच्या जागी मागे सिमेंट आहे का हे बाँड लॉगवरून (सिमेंटची पकड मोजणाऱ्या नोंदीवरून) पाहा, केसिंगची दाबचाचणी घ्या. केसिंगमागे सिमेंट नसेल तर खिडकी पाडताना केसिंग थरथरते आणि मिल (लोखंड कापणारे औजार) भरकटते.

शेजारच्या विहिरींशी टक्कर हा जुन्या प्लॅटफॉर्मवरचा खरा धोका आहे. एकाच जॅकेटखाली (प्लॅटफॉर्मच्या पोलादी सांगाड्याखाली) अनेक विहिरी दाटीने उतरलेल्या असतात आणि जुन्या सर्व्हेंवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. शिवाय शेजारच्या लोखंडामुळे चुंबकीय सर्व्हे चुकतो, म्हणून खिडकीपासून मोकळ्यात जाईपर्यंत जायरो (चुंबकावर न चालणारा दिशादर्शक) वापरा. अंतर फार कमी होत असेल तर शेजारची विहीर बंद करून तिच्या ॲन्युलसचा (नळ्यांभोवतीच्या कडेच्या पोकळीचा) दाब पाहत राहा, आणि परतणाऱ्या मडच्या वाटेत चुंबक ठेवा. त्याला अनपेक्षित लोखंड किंवा शेकरवर सिमेंटचे कण दिसले तर तिथेच थांबा.

शेवटी रिगचा मुहूर्त. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर जॅक-अप हलवणे टाळतात. मे महिन्यातही चक्रीवादळ येते, २०२१ च्या तौक्तेने ते दाखवून दिले. पावसाळ्यात न्हाव्याच्या पुरवठा तळाहून निघालेले जहाज रिगशी लागेलच असे नाही, म्हणून बराइट (मड जड करणारी पूड), सिमेंट, डिझेल यांचा किमान साठा नेहमीपेक्षा जास्त धरा. जॅक-अपचे पाय पूर्वीच्या रिगच्या पायांनी पडलेल्या खड्ड्यांत घसरतात, तेव्हा समुद्रतळाची नवी पाहणी आधी मागवा.

केसिंग शू: दहा मीटरचा प्रश्न

हा भाग मी सावकाश सांगणार आहे, कारण अशा विहिरीचे यश-अपयश इथे ठरते.

हिशेबाची रीत सोपी आहे. दाब, किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, म्हणजे ०.१ गुणिले मडची घनता (पाण्याच्या तुलनेत) गुणिले उभी खोली मीटरमध्ये.

समजा चुनखडी १३५० मीटरवर आहे आणि तिचा दाब उतरून ०.७५ घनतेच्या स्तंभाइतका राहिला आहे: ०.१ × ०.७५ × १३५० = सुमारे १०१. साधे समुद्राचे पाणी १.०३ घनतेचे, त्याचा दाब १३९. म्हणजे नुसते पाणी भरले तरी चुनखडीवर ३८ किलोचा जादा दाब आहे.

आता तिच्या डोक्यावरचा शेल बघा. विहीर इथे ७५-८० अंशांनी कललेली असते आणि कललेल्या भोकात शेल उभ्या भोकापेक्षा लवकर ढासळतो. त्याला धरून ठेवायला समजा १.२५ चे मड लागते. तेच मड १३५० मीटरवर १६९ किलोचा दाब देते. चुनखडीच्या मानाने ६८ जास्त.

हे दोन खडक एकाच उघड्या भोकात ठेवून चालणार नाही. मड जड ठेवले तर चुनखडी गिळते, हलके केले तर शेल कोसळतो. त्यामुळे ७ इंची लायनरचा शू शेल संपून चुनखडी सुरू होते तिथेच बसला पाहिजे. वर राहिला तर उघडा शेल ड्रेनहोलमध्ये पडत राहतो. खाली गेला तर लायनर उतरण्याआधीच मड जाते, पातळी घसरते, वरचा शेल आधार सुटून कोसळतो, आणि कधीकधी स्ट्रिंगही हातची जाते.

तरुणपणी मी असल्या एका विहिरीवर होतो. चुनखडी लागून मड जाईल या भीतीने आम्ही शू आठ मीटर वर बसवला. ड्रेनहोल हलक्या मडने खोदताना त्या आठ मीटर शेलने आम्हाला नऊ दिवस छळले. दर ट्रिपला (स्ट्रिंग काढता-घालताना) तिथेच पाइप अडायचा, शेकरवर हाताएवढे तुकडे यायचे. चुनखडीला घाबरून घेतलेला निर्णय चुनखडीपेक्षा महाग पडला.

जागा नेमकी कशी पकडायची?

• शेजारच्या विहिरींवरून चुनखडीच्या वरचे दोन-तीन खूणथर ठरवा. प्रत्येक खूणथर भेटला की अंदाज सुधारून घ्या.

• गॅमा रेचा (खडकाच्या नैसर्गिक किरणोत्सारावरून शेल ओळखणारा) सेन्सर बिटच्या मागे दहा-पंधरा मीटर असतो, म्हणजे तो दाखवतो ती बातमी शिळी असते. या टप्प्यात बिटजवळचा सेन्सर घ्या, भाडे जास्त असले तरी.

• शेवटचे वीस मीटर मुद्दाम हळू खोदा. वेग अचानक बदलला तर थांबा, तळाचे कण वर येईपर्यंत मड फिरवा आणि पाहा.

• कणांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. चुनखडी लगेच फसफसते, डोलोमाइट हळू, शेल जवळजवळ नाही. शंभर वर्षांपूर्वीची ही युक्ती आजही अचूक आहे.

• कधी थांबायचे याचा निर्णय एकाच माणसाच्या हाती द्या, आणि तो भूगर्भतज्ज्ञ त्या रात्री जागा असावा. किनाऱ्यावरून फोनवर मंजुरी घेण्यात गेलेल्या अर्ध्या तासात बिट खाली सरकलेले असते.

खिडकी आणि शेलचा टप्पा

व्हिपस्टॉक (मिलला बाजूला वळवणारी पोलादी पाचर) केसिंगच्या जोडावर बसवू नका, जोड लॉगवर पाहून घ्या. मागचा खडक टणक असावा. मिलिंग करताना वर येणारा लोखंडाचा कीस गोळा करून तोलत जा; किती यायला हवा याचा हिशेब आधीच करता येतो, आणि कमी आला तर तो खालीच साचला आहे असे समजा. काम झाल्यावर बीओपीच्या (विहीर तातडीने बंद करणाऱ्या झडपसंचाच्या) पोकळ्या धुऊन घ्या, तिथे अडकलेला कीस रॅम (त्यातल्या दाबून बंद होणाऱ्या ठोकळ्या) नीट बंद होऊ देत नाही.

शेल काळाला भितो. मडमधले पाणी शोषत तो फुगतो आणि उघडा पडून जितके दिवस होतात तितका ढिला होतो. पोटॅशियम क्लोराइड-पॉलिमर मड त्याला काही काळ थोपवते. कल जास्त आणि टप्पा लांब असेल तर तेलाधारित किंवा सिंथेटिक मड परवडते, पण त्याचे कण समुद्रात टाकण्यावर बंधने आहेत, तो खर्च आधीच धरा.

भोक साफ ठेवणे हे इथले रोजचे काम. साधारण ४० ते ६० अंशांच्या कलाला कणांचे थर खालच्या बाजूला साचतात आणि पंप थांबला की घसरून येतात. नुसता पंप वाढवून ते हलत नाहीत, स्ट्रिंग वेगाने फिरवावी लागते. ८ १/२ इंची भोकात मिनिटाला १२० च्या आसपास फेरे मिळाले तर कण उचलले जातात. म्हणून मोटरवर स्लाइड करत (स्ट्रिंग न फिरवता पुढे सरकत) बसण्यापेक्षा फिरत्या स्ट्रिंगने दिशा देणारे रोटरी स्टिअरेबल औजार मला अशा टप्प्यात जास्त भाडे असूनही स्वस्त वाटते. शेकरवर दर तासाला किती कण येतात ते मोजा. खोदलेल्या खडकापेक्षा कमी आले तर भोकात काहीतरी साचते आहे, जास्त आले तर भिंत पडते आहे.

वेगाच्या मागे लागताना एक जुनी मोजणी उपयोगी पडते. १९६५ मध्ये टील यांनी मांडले की एक घन एकक खडक फोडायला किती ऊर्जा लागते ते पाहावे. वजन आणि फेरे वाढवले तरी वेग वाढत नसेल आणि ऊर्जा मात्र वाढत असेल, तर ती खडकात जात नाही. बिटला चिकट शेल लागला आहे, स्ट्रिंग थरथरते आहे, किंवा बिट झिजले आहे. आता हा आकडा ड्रिलरच्या पडद्यावर चालू असतो. त्याला तो वाचायला शिकवा.

अडकलेल्या पाइपचे गणित

थकलेल्या पदरासमोर स्ट्रिंग स्थिर उभी राहिली की जादा दाब तिला भिंतीवर दाबून धरतो. समजा ७.५ सेंटिमीटर रुंद आणि ६ मीटर लांब पट्टा भिंतीला टेकला: ४५०० चौरस सेंटिमीटर. वरचा ६८ किलोचा फरक घेतला तर दाबणारे बळ ३०६ टन. घर्षण ०.२ धरले तरी ओढायला ६१ टन जादा लागतात, आणि दर मिनिटाला भिंतीवर साचणारा मडचा थर जाड होत हा आकडा वाढत जातो.

यातून नियम निघतात. उघड्या चुनखडीसमोर स्ट्रिंग कधीही स्थिर ठेवू नका, सर्व्हे घेतानासुद्धा वेळ कमीत कमी. नळकांडी गुळगुळीत ड्रिल कॉलरऐवजी (बिटवर वजन देणाऱ्या जाड पाइपांऐवजी) पीळदार कॉलर आणि हेवीवेट पाइप वापरा. मडमधल्या बारीक गाळाची टक्केवारी कमी ठेवा, म्हणजे थर पातळ राहतो. आणि अडकलाच तर पहिल्या तासात काय करायचे, कोणते द्रव मारायचे, जार (अडकलेल्या पाइपला हिसके देणारे औजार) कोणत्या दिशेने चालवायचे, हे आधीच लिहून ठेवा. पहिला तास निघून गेला की सुटण्याची शक्यता झपाट्याने घटते.

ड्रेनहोल: मड परत येत नाही तेव्हा

लायनर उतरवून सिमेंट केले, शू खोदून बाहेर आलात, खडक किती दाब सोसतो याची चाचणी घेतली. आता मड बदला. पॉलिमर घातलेले हलके द्रव, आणि त्यात कॅल्शियम कार्बोनेटची पूड. छिद्राच्या रुंदीच्या किमान एक-तृतीयांश आकाराचे कण असले तर ते तोंडाशी पूल बांधतात. कार्बोनेटच का? कारण नंतर आम्लात ते विरघळते. तेलथरात अभ्रक, अक्रोडाचे टरफल, धाग्यांचे गठ्ठे टाकू नका. गळती थांबेल, पण त्याबरोबर तेलाची वाटही कायमची बंद होईल.

पोकळी मोठी असेल तर कुठलीही पूड उपयोगाची नाही. इथे अनेकजण पिलवर पिल (गळती बुजवणाऱ्या द्रवाचा छोटा साठा) मारत दोन-तीन दिवस घालवतात. माझ्या अनुभवात दोन प्रयत्न पुरेत. त्यानंतर गळती मान्य करा आणि समुद्राच्या पाण्याने खोदा. समुद्र खाली आहे, पाणी संपत नाही. अधूनमधून घट्ट द्रवाचा लोट सोडा म्हणजे कण पोकळ्यांत ढकलले जातात. फक्त चार गोष्टी सांभाळा: ॲन्युलस वरून सतत भरत राहा आणि किती भरले ते लिहा, गळतीचा वेग दर तासाला काढा, कनेक्शनला स्ट्रिंग जास्त वेळ थांबवू नका, आणि जड द्रवाचा एक पूर्ण साठा तयार ठेवा.

या चौथ्या मुद्द्यामागे खरे भय आहे. मुंबई हायच्या चुनखडीवर वायूची टोपी आहे. खालच्या पदरात द्रव गेले, पातळी उतरली की वरच्या पदरातला वायू आत शिरतो. गळती आणि किक (खडकातला वायू किंवा द्रव विहिरीत घुसणे) एकाच वेळी. वर मड परत येत नसल्याने पिट (मडच्या टाकीची पातळी) वाढलेला दिसत नाही, आणि हाच सर्वांत धोक्याचा क्षण आहे. ॲन्युलसमध्ये नेहमीपेक्षा कमी पाणी लागू लागले तर ‘गळती कमी झाली’ म्हणून खूश होऊ नका. विहीर बंद करा, दाब वाचा, लागल्यास जड द्रव वरून ढकलून वायू परत खडकात सारा. फ्लो चेकसाठी (पंप थांबवून विहीर वाहते का ते पाहण्यासाठी) ड्रिलरने कुणाची परवानगी मागायची नाही, हे कंपनी मॅनने (रिगवरच्या तेलकंपनीच्या प्रतिनिधीने) पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगावे.

फिरते सीलिंग डोके आणि चोक (प्रवाह आवळणारी झडप) लावून दाब वरून नियंत्रित करण्याची पद्धत, म्हणजे मॅनेज्ड प्रेशर ड्रिलिंग, घ्यावी का? हिशेब करा. समजा संच दिवसाला १५ लाखांनी दहा दिवस: दीड कोटी. संच न घेता सहा दिवस वाया जाण्याची शक्यता तीनात एक: ४ कोटी ८० लाखांचा तिसरा हिस्सा, १ कोटी ६० लाख. दोन्ही जवळजवळ सारखे. मग पारडे इतर गोष्टींनी झुकते: भोकात राहू शकणाऱ्या औजारांची किंमत, पुन्हा साइडट्रॅक करायला जागा उरते का, वायूचा पदर किती जवळ आहे. वायू जवळ असेल तर मी पैशांचे गणित बाजूला ठेवून संच घेईन.

सिमेंट

साध्या जी-वर्ग सिमेंटची घनता १.९० असते. कमकुवत खडकावर तेवढा स्तंभ झेपत नाही. पोकळ काचगोळ्यांचे किंवा फेसाळ हलके सिमेंट १.४५ वर आणले तर ३०० मीटर स्तंभात साडेतेरा किलोचा दाब वाचतो. कधीकधी तेवढ्यावरच सिमेंट वर येणे किंवा खडकात जाणे ठरते.

कललेल्या भोकात लायनर खालच्या भिंतीवर झोपतो आणि त्याच्याखालचे मड निघत नाही. सेंट्रलायझर (लायनर भोकाच्या मध्यावर धरणारे कडे) पुरेसे घाला, आणि हँगर (लायनर टांगणारे साधन) परवानगी देत असेल तर सिमेंट पडताना लायनर फिरवा. फिरवण्याइतका गुणकारी उपाय दुसरा नाही. प्रयोगशाळेत चाचणी रिगवरच्याच सिमेंटची आणि रिगवरच्याच पाण्याची करा. किनाऱ्यावरच्या नमुन्यात बरोबर आलेली घट्ट होण्याची वेळ रिगवर तासाने चुकलेली मी पाहिली आहे.

नंतर चाचणी. आतला दाब कमी करून बाहेरून काही आत येते का हे पाहणारी निगेटिव्ह टेस्ट कंटाळवाणी असते, पण मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी मॅकोंडो विहिरीवर हीच चाचणी चुकीची वाचली गेली. ड्रिल पाइपवर दाब दिसत होता, तरी विहीर बंदिस्त असल्याचे धरले गेले. त्या रात्री ११ माणसे गेली. चाचणीआधी ‘उत्तीर्ण’ म्हणजे नेमके किती दाब, किती मिनिटे, किती लिटर, हे लिहा. आकडा जुळला नाही तर कारण शोधा, कारण सापडेपर्यंत उत्तीर्ण लिहू नका.

कम्प्लिशन आणि आम्ल

खडक टणक असेल तर ड्रेनहोल उघडे ठेवता येते, सर्वांत स्वस्त. पण आडव्या भोकाच्या टाचेकडून (उभ्या विहिरीकडच्या टोकाकडून) पाणी किंवा वायू आधी घुसतो, कारण तिथे ओढ जास्त असते. भेगा असतील तर फुगणारे पॅकर (भोकाचे भाग वेगळे करणारी बुचे) आणि प्रवाह वाटून देणारी इनफ्लो कंट्रोल उपकरणे घाला. आज ती महाग वाटतात. दोन वर्षांनी पाण्याने भरलेल्या विहिरीत उपाय करायला परत रिग आणावी लागली तर त्यांची किंमत कळते.

चुनखडीला पंधरा टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल देतात. एक घनमीटर आम्ल सुमारे २२० किलो चुनखडी विरघळवते. अडचण अशी की आम्ल आधीच मोकळ्या असलेल्या भेगेत शिरते आणि ज्या भागाला गरज आहे तो कोरडा राहतो. म्हणून कॉइल्ड ट्यूबिंग (रिळावर गुंडाळलेली सलग नळी) भोकभर मागेपुढे नेत आम्ल द्या, आणि वाटेत घट्ट होणारे डायव्हर्टर (आम्लाला दुसऱ्या भागाकडे वळवणारे द्रव) मधूनमधून सोडा. पाण्याच्या पदराजवळ हात आखडता घ्या. त्या क्षेत्रातल्या तेलात आम्ल मिसळून घट्ट चोथा होतो का, हे आधी बाटलीत पाहा. गंजरोधक विसरलात तर ट्यूबिंगच विरघळेल.

दाब उतरलेल्या विहिरी स्वतःहून तेल वर आणत नाहीत, म्हणून गॅस लिफ्टच्या मँड्रेलच्या (वायूच्या झडपा बसवायच्या नळीतल्या खणांच्या) जागा आजच्या नव्हे, तीन-चार वर्षांनंतरच्या दाबाला धरून काढा. वायूत हायड्रोजन सल्फाइड असेल तर पोलाद त्याला टिकणारेच घ्या, आयएसओ १५१५६ मानक पाहा. वसई या समुद्रातल्या वायूक्षेत्राच्या वायूत तो आहे हे कधी विसरू नका.

समुद्रतळाखाली बसवायच्या सेफ्टी व्हॉल्व्हवर कुणी तडजोड सुचवली तर ऐकू नका. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थवर एक जहाज रायझरवर (समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर येणाऱ्या तेल-वायूच्या नळीवर) आदळून आग लागली, २२ माणसे दगावली आणि प्लॅटफॉर्म नष्ट झाला. वरचे सगळे नाहीसे होण्याचा दिवस येऊ शकतो, आणि तेव्हा विहीर बंद करणारी वस्तू खाली असावी लागते. दर ठरलेल्या काळाने तो व्हॉल्व्ह बंद करून गळती मोजा.

रिग निघण्याआधी

शेवटच्या आठवड्यात सगळ्यांचे लक्ष पुढच्या जागेकडे असते. तेव्हाच दोन तास काढून ड्रिलर, मडइंजिनिअर, सिमेंटवाले, भूगर्भतज्ज्ञ यांना एका टेबलावर बसवा आणि नोंदवून घ्या: शू नेमका कुठे बसला आणि चुनखडी किती मीटरवर लागली, कोणत्या खोलीला किती घनमीटर द्रव गेले, कोणता पिल चालला आणि कोणता फुकट गेला, कनेक्शनची सरासरी वेळ किती. वाया गेलेल्या तासांना खरे नाव द्या. ‘भोक कंडिशनिंग’ या शब्दाखाली अनेक अडकलेले पाइप लपलेले असतात, आणि प्लॅटफॉर्मवरच्या पुढच्या स्लॉटची (विहिरीच्या जागेची) आखणी करणारा इंजिनिअर त्या शब्दावर विश्वास ठेवून त्याच शेलमध्ये उतरतो. हा कागद विहिरीच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा, आणि खोलीप्रमाणे मांडलेल्या त्या लांब कागदावर ही विहीरही चढवा.